मीठ सरकारचे, गंज मालकाचा

डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १२०० फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पोटातून निघालेले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरले जाते आणि त्या मोटारींना खालून पोखरते. अमेरिकेत दरवर्षी साधारण दोन कोटी टन मीठ असे रस्त्यांवर पडते. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये प्रयोगादाखल याची सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढत गेले तसे मीठही वाढले आणि आज ईशान्येकडील व महासरोवरांच्या काठची मिळून वीसेक राज्ये ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणूनच ओळखली जातात. मीठ टाकूच नका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. बर्फाळ रस्त्यावर ते जीव वाचवते, त्याच्यामुळे रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते, शाळा-कारखाने चालू राहतात. पण या सार्वजनिक सोयीची किंमत कोण मोजतो? बहुतेक वेळा ती मोजतो पंधरा-वीस वर्षे जुन्या पिकअपचा तिसरा किंवा चौथा मालक, ज्याला नवी गाडी परवडत नाही आणि गाडीशिवाय पोटही भरता येत नाही. शिवाय ही किंमत नुसती पैशाची नसते. त्याच्या गाडीचा पाटा तुटतो, ब्रेकची नळी फुटते, तेव्हा समोरून येणारा अनोळखी माणूसही त्या हिशेबात सापडतो. जुन्या पिकअपचा गंज म्हणजे मालकाचा हलगर्जीपणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि कायदाही बऱ्याच अंशी तिच्यावरच उभा आहे. मला ही समजूत चुकीची आणि घातक वाटते. मीठ टाकण्याचा निर्णय सरकारचा असतो, चॅसिसला कोणता लेप द्यायचा हा निर्णय कंपनीचा असतो. मालकाच्या वाट्याला येतो तो या दोन्ही निर्णयांचा परिणाम, आणि तोही अशा जागी, जी त्याला दिसत नाही.

पिकअपचीच चर्चा का करायची, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. साध्या मोटारीला वेगळे चॅसिस नसते, तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. पिकअप मात्र अजून जुन्या रीतीने बांधतात. खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, म्हणजे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि वर केबिन व मागचा हौदा. इंजिन, पुढचे सस्पेन्शन, मागचे पाटे, इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, स्टेपनी, सगळे या चौकटीला टांगलेले असते. चौकट शाबूत तर गाडी शाबूत. आणि नेमकी हीच चौकट चाकांनी उडवलेल्या खारट चिखलाच्या माऱ्यात वर्षानुवर्षे राहते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, मिठाची गरज नसते. पण मिठाचे पाणी वीज सहज वाहू देते आणि त्यातला क्लोराइडचा अंश धातूवरचा संरक्षक थर फोडत राहतो, म्हणून तीच प्रक्रिया कितीतरी वेगाने होते. अलीकडे खड्या मिठाच्या जोडीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात. ही द्रव्ये हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे रस्ता सुकला तरी चॅसिसवरचा थर ओलाच राहतो. गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवणाऱ्याला वाटते आपण तिची काळजी घेतली. प्रत्यक्षात उबेने गंजाला आणखी जोर येतो, बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत तो निदान मंद तरी असतो. त्यातून पोकळ दांड्यांचा भाग सर्वांत वाईट. पाणी निथळायला ठेवलेली भोके चिखलाने बुजतात, आत ओला खारट गाळ साचतो आणि लोखंड आतून बाहेर गंजत येते. वरचा काळा रंग तोवर जागच्या जागी असतो.

अशी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली म्हणजे नजर कुठे जायला हवी, हे जाणता मेकॅनिक बरोबर सांगतो. मागच्या पाट्याचे पुढचे टोक जिथे चॅसिसला बसवलेले असते तो हँगर, आणि मजबुतीसाठी एका पत्र्यावर दुसरा पत्रा जोडलेला असतो तो टापू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या फटीत तो वाढू लागला की पत्रे एकमेकांपासून उचकटत जातात आणि कडेला फुगवटा दिसतो. फुगवट्यावर हातोडी मारली की तांबूस-काळे पापुद्रे खाली गळतात. निरोगी लोखंड टणटणीत वाजते. कुजलेल्या लोखंडाचा आवाज बद्द येतो आणि मग साधा स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला तरी तो आरपार जातो. हा दांडा महामार्गावर दोन टन वजन आणि खड्ड्यांचे धक्के पेलत असतो. हौद्यात सामान भरलेले असले तर भार आणखी वाढतो, आणि पिकअप घेतात ती सामान भरण्यासाठीच. विकणारा मनुष्य थोडा चलाख असेल तर विक्रीच्या आदल्या आठवड्यात खालून काळा अंडरकोट फवारून घेतो. रबरासारखा हा थर गंजावर मारला तर गंज थांबत नाही, ओलावा आतच कोंडला जातो आणि फुगवटा तेवढा झाकला जातो. खरेदी करणाऱ्याला खालची बाजू काळीभोर, स्वच्छ दिसते आणि तो खूश होतो.

गंजाचा आणि सस्पेन्शनचा धोका वेगवेगळा मोजण्याची सवय आहे, ती मोडायला हवी. सप्टेंबर २०१४ मध्ये टोयोटाने २००५ ते २०११ या काळातल्या सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा पिकअप दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे ‘रिकॉल’ केल्या. कारण मागचे पाटे. सततचा ताण आणि गंज मिळून पाटा तुटू शकतो, आणि तुटलेला पाटा शेजारच्या भागांवर, अगदी इंधनाच्या टाकीवरही जाऊन टाकीला भोक पाडू शकतो, हे कंपनीने मान्य केले. एका पट्टीच्या तुटण्याचा शेवट आगीत होऊ शकतो तो असा. २०११ मध्ये फोर्डने १९९७ ते २००४ च्या सुमारे ११ लाख पिकअप परत बोलावल्या, त्यांत मुख्यतः एफ-१५० होत्या. त्यांच्यात इंधनाची टाकी धरून ठेवणारे पट्टे गंजून तुटत होते आणि टाकी रस्त्यावर घासण्याची भीती होती. २००९ मध्ये टोयोटाच्या २००० ते २००३ च्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा पिकअप थंडीच्या राज्यांतून बोलावल्या गेल्या, कारण मागचा आडवा दांडा गंजला की त्याला टांगलेली स्टेपनी धावत्या गाडीतून रस्त्यावर पडू शकत होती. तिथेच मागच्या ब्रेकच्या नळ्याही बसवलेल्या असतात. त्याआधी २००५ मध्ये टोयोटाच्याच साडेसात लाखांहून अधिक पिकअप आणि एसयूव्हींच्या पुढच्या चाकांचे खालचे बॉल जॉइंट घडणीतल्या दोषामुळे लवकर झिजत असल्याचे उघड झाले होते. तो दोष मुळात गंजाचा नव्हता. पण बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटले, आत पाणी आणि मीठ शिरले की झीज कशी होते, हे वेगळे सांगायला नको. आणि या गाड्यांच्या रचनेत खालच्या जॉइंटवरचा भार त्याला ओढून सुटा करण्याच्या दिशेने पडतो, त्यामुळे तो निसटला की चाक आडवे होऊन मडगार्डात शिरते. चालकाच्या हातात त्या क्षणी स्टिअरिंग नावापुरतेच उरते.

आता कंपनीच्या वाट्याचा विचार करू, कारण टॅकोमाचे प्रकरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. मार्च २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० या काळातल्या सुमारे ८ लाख टॅकोमांच्या चॅसिसची गंजाविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि भोके पडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला विकत घेतल्या. पुढे २००१ ते २००४ च्या गाड्याही या योजनेत आल्या. कारण म्हणून कंपनीने सांगितले की चॅसिसला गंजरोधक प्रक्रिया पुरेशी झाली नव्हती. चॅसिस पुरवणाऱ्या डाना कंपनीने २०११ मध्ये या वादापोटी टोयोटाला अडीच कोटी डॉलर दिले. त्यानंतरच्या पिढीतही तक्रारी थांबल्या नाहीत. २०१६ मध्ये सामूहिक दाव्यात टोयोटाने दोष मान्य न करता तडजोड केली: टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्या, एका चॅसिसच्या बदलीचा अंदाजे खर्च १५ हजार डॉलर, आणि एकूण बोजा ३४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा हिशेब. या आकड्यांकडे नीट पाहिले तर ‘मालकाने गाडी धुतली नाही म्हणून गंजली’ हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच हिवाळ्यात, त्याच मिठात, शेजारच्या घरी उभी असलेली दुसऱ्या घडणीची पिकअप तितकी सडली नाही. फरक लेपाचा होता, आणि लेप कारखान्यात लागतो. टोयोटाने दीडपट किंमत दिली ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायलाच हवी. इतकी उदारता या धंद्यात फारशी दिसत नाही. पण ती मिळाली कारण हजारो मालकांच्या गाड्या एकाच जागी, एकाच तऱ्हेने कुजल्या आणि लपवणे अशक्य झाले. ज्याची गाडी थोड्या वेगळ्या जागी, थोड्या उशिरा कुजली तो या उदारतेच्या बाहेर राहिला.

तो बाहेर कसा राहतो हे जनरल मोटर्सच्या पिकअपच्या प्रकरणातून दिसते. १९९९ ते २००३ च्या सिल्व्हराडो, सिएरा आणि त्यांच्याच चॅसिसवरच्या एसयूव्ही मिळून सुमारे ५० लाख गाड्यांच्या ब्रेकच्या पोलादी नळ्या गंजून फुटत असल्याच्या तक्रारी केंद्राच्या वाहतूक सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, वर्षानुवर्षे येत होत्या. ब्रेक दाबला की पायाखाली पेडल तळाला जाते आणि गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर घेते. चौकशी पाच वर्षांच्या आसपास चालली आणि एप्रिल २०१५ मध्ये संस्थेने ती बंद केली. निष्कर्ष असा, की हा निर्मितीतला दोष नसून वय झालेल्या गाडीची झीज आहे, आणि इतर कंपन्यांच्या जुन्या गाड्यांतही तो दिसतो. सोबत मालकांना सल्ला: हिवाळ्यात गाडी खालून वारंवार धुवा, नळ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या, गंज दिसला तर सगळ्या नळ्या बदला. तांत्रिकदृष्ट्या संस्थेचे म्हणणे पूर्ण चूक नव्हते. पण दोष सगळ्यांच्याच गाड्यांत आढळतो म्हणून तो कोणाचाच नाही, हे तर्कट मला पटत नाही. दोष सार्वत्रिक असेल तर उपायही सार्वत्रिक हवा होता. तो झाला नाही. त्याच कंपनीने पुढच्या पिढीत नायलॉनचे आवरण असलेल्या नळ्या वापरल्या, म्हणजे उपाय अशक्य नव्हता, फक्त जुन्या गाड्यांसाठी तो कोणाचे कर्तव्य नव्हता. सगळी जबाबदारी सरकत सरकत पाण्याचा पाइप हातात धरून उणे दहा अंशांत गाडीखाली वाकणाऱ्या मालकावर येऊन थांबली.

हा मालक कोण असतो तेही पाहायला हवे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षे होते आणि ते सतत वाढते आहे. पहिल्या मालकाकडे गाडी सहा-सात वर्षे राहते, गंज आतून सुरू होतो पण दिसत नाही. दुसरा मालक ती विकतो तेव्हा पाटे कुरकुरायला लागलेले असतात. तिसऱ्याच्या हातात येते तोवर चॅसिसला भोक पडण्याची वेळ आलेली असते. ज्याने नव्या गाडीचा आनंद घेतला त्याने गंज पाहिला नाही आणि ज्याने गंज पाहिला त्याच्याकडे चॅसिस बदलायला पैसे नाहीत. कायदाही याच वळणावर संपतो. सुरक्षेच्या दोषाची मोफत दुरुस्ती करण्याचे कंपनीवरचे बंधन पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंतच आहे. २०१५ पर्यंत तर ही मुदत १० वर्षे होती. टोयोटाच्या २०१६ च्या तडजोडीतही पहिल्या विक्रीपासून १२ वर्षांची अट होती. गंजाच्या दोषाला या मुदती लावणे म्हणजे ज्या रोगाची लक्षणे म्हातारपणीच दिसतात त्याचा विमा साठीला संपवण्यासारखे आहे. टायरच्या किंवा एअरबॅगच्या दोषाला अशी मुदत काही अंशी समर्थनीय असेल. जो दोष मुळातच दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होतो, त्याला ती लावली की जबाबदारी कागदावर राहते.

म्हणून मी सक्तीच्या तपासणीकडे येतो. अमेरिकेत खासगी गाडीची नियमित यांत्रिक तपासणी करायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवते. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समध्ये ती दरवर्षी होते. मिशिगन आणि ओहायोमध्ये, म्हणजे मिठाच्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर, सुरक्षेची अशी तपासणी नाहीच. न्यू जर्सीने खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी २०१० मध्ये बंद केली आणि फक्त धुराची ठेवली. एडिसन आणि आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे, कारण खिडकीवरचा तपासणीचा स्टिकर चॅसिसबद्दल काहीही सांगत नाही. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने तर २०२५ मध्ये वार्षिक तपासणी रद्द करण्याचा कायदा केला. रस्त्यावर मीठ टाकण्यात जे राज्य पहिले होते तेच गाडी खालून पाहण्याच्या बंधनातून बाहेर पडू पाहते, हे मला विशेष खेदाचे वाटते. ब्रिटनमध्ये उलट चित्र आहे. तिथली एमओटी तपासणी १९६० पासून आहे. आज बहुतेक मोटारी तीन वर्षांच्या झाल्या की दरवर्षी तिला सामोऱ्या जातात, आणि ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन जिथे बसवलेले असते त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत होण्याइतका गंज असेल तर गाडी नापास होते. हा नियम साधा आहे, मोजता येतो आणि भार वाहणाऱ्या जागांवरच बोट ठेवतो. बाकी दाराच्या पत्र्याला कितीही भोके पडू द्या. अर्थात ब्रिटनलाही सगळे साधले असे नाही. २००५ ते २०१५ मधल्या निसान नवारा पिकअपची चॅसिस मधोमध मोडल्याच्या घटना तिथेच घडल्या, एमओटी असताना. पोकळ दांड्याच्या आतला गंज वरून टकटक करून नेहमी सापडत नाही. यावरून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. दांड्यातल्या भोकांतून छोटा कॅमेरा आत घालण्याची पद्धत आणायला हवी, एवढेच सिद्ध होते. तो कॅमेरा आज साध्या गॅरेजलाही परवडतो.

आपल्याकडची तुलना इथे अस्थानी होणार नाही. महाराष्ट्रात पिकअप ही मालवाहू गाडी असते, म्हणून कायद्याने तिला फिटनेस प्रमाणपत्र लागते: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. अमेरिकेत त्याच जातीची गाडी कुटुंबाची खासगी मोटार ठरते आणि अनेक राज्यांत कोणत्याही तपासणीतून सुटते. म्हणजे कागदावर तरी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मासळी वाहणाऱ्या बोलेरो पिकअपला क्लीव्हलँडच्या सिल्व्हराडोपेक्षा कडक नियम आहे. आणि तिला त्याची गरजही आहे. कोकणात रस्त्यावर मीठ टाकावे लागत नाही. खारे वारे, पावसाचे चार महिने आणि मासळीच्या बर्फाचे हौद्यातून ठिबकणारे खारे पाणी हेच काम चोख करतात. हौद्याच्या तळातून ते पाणी नेमके मागच्या पाट्यांवर आणि चॅसिसच्या मागच्या टोकावर गळते. पण पासिंगला नेलेल्या गाडीचे दिवे, रिफ्लेक्टर, रंग आणि कागद जितक्या बारकाईने पाहिले जातात तितक्या बारकाईने पाट्याचा हँगर पाहिला जातो का, हा प्रश्न विचारावाच लागतो. स्वयंचलित तपासणी केंद्रे येत आहेत, त्यांत सस्पेन्शन आणि सांध्यांची ढिलाई मोजणारी यंत्रे आहेत. गंज मात्र यंत्र मोजत नाही. त्यासाठी माणसाला खड्ड्यात उतरून मान वर करून पाहावे लागते, आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत ते वेगळे नोंदवायला हवे.

सक्तीच्या तपासणीवरचा सर्वांत भक्कम आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. एनएचटीएसएने २००५ ते २००७ मध्ये केलेल्या अपघातांच्या राष्ट्रीय पाहणीत अपघाताचे निर्णायक कारण म्हणून गाडीतला बिघाड सुमारे २ टक्के प्रसंगांत नोंदला गेला. ९४ टक्के प्रसंगांत चालक. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१५ मध्ये राज्यांचे आकडे पाहिले तेव्हा बिघाडाचा वाटा २ ते ७ टक्के निघाला, आणि तपासणीने अपघात किती घटतात हे ठामपणे मोजता येत नाही असेही तिने म्हटले. मग दोन टक्क्यांसाठी कोट्यवधी गाड्या वेठीला का धरायच्या? याचे उत्तर त्या पाहणीतच आहे. गाडीतला बिघाड तिथे मुख्यतः बाहेरून पाहून ठरवला होता, म्हणून टायर, ब्रेक अशा सहज दिसणाऱ्या गोष्टीच यादीत वर आल्या, असे पाहणीचा अहवाल स्वतःच सांगतो. चॅसिसच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही हीच तर या लेखाची मूळ तक्रार आहे. अपघातानंतर चक्काचूर झालेल्या गाडीत दांडा धडकेने तुटला की धडकेआधी, हे रस्त्याकडेला उभा पोलीस कसे ठरवणार? घसरड्या रस्त्यावर गाडी थांबली नाही तर दोष वेगाच्या नावावर जातो, फुटलेल्या नळीच्या नावावर जात नाही. आणि क्षणभर तो आकडा खरा धरला तरी अमेरिकेत पोलिसांकडे दरवर्षी सुमारे ६० लाख अपघात नोंदले जातात. त्याचे दोन टक्के म्हणजे १ लाख २० हजार. चालकाच्या चुका कमी करण्याचे सगळे उपाय माणसाचा स्वभाव बदलू पाहतात, ते कठीणच असणार. कुजलेला हँगर मात्र सापडला की त्याच दिवशी काढून टाकता येतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. तपासणीत नापास झालेली पिकअप म्हणजे एखाद्या गवंड्याचा, माळ्याचा, छोट्या शेतकऱ्याचा रोजगार बंद. ज्याने तीन हजार डॉलरला गाडी घेतली तो पंधरा हजारांचे चॅसिस बदलणार नाही. तो गाडी लपवून चालवेल, किंवा तपासणी नसलेल्या राज्यात विकेल आणि धोका फक्त सीमेपलीकडे जाईल. गरिबांवर सुरक्षेच्या नावाने दंड बसतो, हे खरे आहे. पण आजही दंड गरिबालाच बसतो, फक्त तो पावतीवर दिसत नाही. कुजलेल्या गाडीत मुलांना बसवून महामार्गावर जाणे ही सवलत नव्हे. उपाय असा हवा की तपासणी सक्तीची असेल आणि नापास गाडीच्या मालकाला हात दिला जाईल. याला पूर्वोदाहरण आहे. कॅलिफोर्नियात धुराच्या तपासणीत नापास झालेल्या गाडीच्या अल्प उत्पन्नाच्या मालकाला दुरुस्तीसाठी किंवा गाडी मोडीत काढण्यासाठी राज्य पैसे देते. हवा सगळ्यांची म्हणून सगळ्यांनी खर्च उचलायचा, हे तिथे मान्य झाले. रस्ताही सगळ्यांचाच आहे, आणि तिथले मीठ तर सरकारने स्वतः टाकलेले आहे. मिठाच्या खरेदीच्या अंदाजपत्रकातच प्रत्येक टनामागे एक छोटी रक्कम बाजूला काढून ती चॅसिस आणि ब्रेकच्या नळ्यांच्या दुरुस्तीला द्यावी. आज मीठ स्वस्त वाटते कारण त्याचा अर्धा खर्च लोकांच्या गाड्यांच्या तळाशी नोंदला जातो आणि कोणत्याही जमाखर्चात येत नाही.

‘नव्या गाड्या गंजत नाहीत, काही वर्षांत हा प्रश्न आपोआप मिटेल,’ असेही म्हटले जाते. लेप सुधारले आहेत यात शंका नाही. पण २०१५ च्या मॉडेलपासून फोर्ड एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची झाली, चॅसिस मात्र पोलादाचेच राहिले. वरचा पत्रा आता गंजणार नाही आणि चॅसिसचे वय होतच राहील. दाराच्या कडेचा गंज पाहून खरेदी करणारा पूर्वी निदान सावध व्हायचा; तो इशाराही आता जाईल. बॉडी चकचकीत आणि खालची चौकट वीस हिवाळ्यांची, अशा पिकअप येत्या दशकात बाजारात भरपूर येतील.

सक्तीच्या तपासणीला आणि मिठाच्या निधीला वेळ लागेल, राज्याराज्यांत भांडणे होतील. पण एक गोष्ट अमेरिकी संसदेला लगेच करता येण्यासारखी आहे. २०१५ च्या कायद्याने भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती न झालेली गाडी भाड्याने देण्यास बंदी आहे. तीच गाडी, त्याच न दुरुस्त केलेल्या पाट्यांसह, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने विकली तर केंद्राचा कोणताही कायदा आड येत नाही. दोन दिवस गाडी भाड्याने घेणाऱ्याला संरक्षण आहे आणि दहा वर्षे ती चालवण्यासाठी विकत घेणाऱ्याला नाही. विक्रीपूर्वी रिकॉलची दुरुस्ती आणि चॅसिसची लेखी तपासणी विक्रेत्यावर बंधनकारक करावी. ते होईपर्यंत, मिठाच्या पट्ट्यातली जुनी पिकअप घेणाऱ्याने किंमत ठरवण्याआधी गाडीचा क्रमांक एनएचटीएसएच्या यादीत तपासावा, ती आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवून घ्यावी आणि खालून ताजा काळा लेप दिसला तर सौदा तिथेच थांबवावा.